ड्रॅगनच्या आधी दोरवाली: टेबलटॉप खेळातले रोजचे व्यवहार कसे खेळावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, आणि डीएम, म्हणजे डंजन मास्टर, बाकीचं सगळं जग चालवतो. या पात्रांची टोळी गावात शिरते आणि डीएम सांगतो, “बाजारात सगळं मिळतं, काय हवं ते पात्राच्या शीटवर लिहा आणि तेवढं सोनं वजा करा.” नियमाने यात काही चुकीचं नाही. पण असंच चालत राहिलं की गावाला चेहरा उरत नाही, आणि पुढे त्याच गावावर ऑर्क नावाचे राक्षस चाल करून आले तर ते वाचवावं असं कुणाला आतून वाटत नाही. जिच्याशी दोरासाठी घासाघीस केली ती बाई, ज्याने नाक्यावर ताटकळत ठेवलं तो कारकून, अशा माणसांसाठी मात्र खेळाडू जीव टाकतात. म्हणून दोर घेणं, खोली मागणं, नाका ओलांडणं हे प्रसंग नीट खेळायला शिकावेत. लढाईपेक्षा ते सोपे नसतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात खेळणाऱ्यांकडे याची शिदोरी आधीच आहे. खडे बाजारात किंवा गणपत गल्लीत गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत दुकानदाराचं ठरलेलं असतं: याच्याशी मराठीत बोलायचं की कन्नडमध्ये, अण्णा म्हणायचं की काका, भाव थेट सांगायचा की आधी बसवून घ्यायचं. एका हाताने माल बांधत, दुसऱ्या गिऱ्हाइकाला मानेने थांबवत तो हे करतो. डीएमने अर्धा तास तिथे उभं राहून नुसतं बघावं. विकत मिळणाऱ्या कुठल्याही साहसाच्या पुस्तकात इतकं शिकायला मिळत नाही.

खाली दिलेले भाव आणि आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. घासाघिशीचे वगैरे नियम पुस्तकातले नाहीत, टेबलावर ठरवलेले आहेत. ते आपापल्या खेळाप्रमाणे वाकवा.

कार्डावर पाच ओळी

प्रत्येक छोट्या एनपीसीसाठी, म्हणजे डीएम ज्याच्या तोंडून बोलतो अशा पात्रासाठी, व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद पुरतो. त्यावर पाच गोष्टी लिहा: नाव, आत्ता हातात असलेलं काम, आत्ता हवी असलेली एक बारीक गोष्ट, समोरच्याला तो काय म्हणून हाक मारतो, आणि काहीही झालं तरी तो काय करणार नाही. पूर्वेतिहास, डोळ्यांचा रंग, गुप्त संघटना यांतलं काही नको. मोठा इतिहास लिहिला की डीएमला तो सांगायची घाई होते आणि दोर घ्यायला आलेल्या माणसाला भाषण ऐकावं लागतं.

पाचांतली दुसरी आणि तिसरी ओळ सगळ्यात उपयोगी. हाताला काम असलं की माणूस आपोआप खरा वाटतो, कारण तो खेळाडूंची वाट बघत उभा नसतो. आणि हवी असलेली गोष्ट बारीकच हवी: सुटे पैसे, सावली, कुणीतरी पाच मिनिटं दुकान सांभाळणं, पोराला डबा पोचवणं. “भावाच्या खुनाचा बदला” ही दोरवालीची गरज असू शकते, पण मंगळवारी सकाळी ती दोर विकत असते.

एका सेशनला, म्हणजे खेळाच्या एका बैठकीला, अशी चार कार्डं पुष्कळ झाली. त्याशिवाय दहा नुसती नावं वेगळ्या कागदावर तयार ठेवा. खेळाडू नेमका कार्ड नसलेल्या माणसाला नाव विचारतो, डीएम अडखळतो, आणि हा माणूस महत्त्वाचा नाही हे सगळ्यांना तिथल्या तिथे कळतं.

मनःस्थिती आधी ठरवली नसेल तर सहा बाजूंचे दोन फासे टाका. ही जुन्या आवृत्त्यांतली पद्धत आहे. तिथे ती राक्षस भेटल्यावर वापरत, पण बाजारात ती त्याहून छान चालते. २ आलं तर माणूस आज कुणाशीच धड बोलणार नाही, ३ ते ५ ला तुटक, ६ ते ८ ला कामात गुंतलेला, ९ ते ११ ला बोलायला तयार, १२ ला पहिल्या भेटीतच जीव लावणारा. ३६ पैकी १६ वेळा मधला निकाल येतो आणि टोकाचा प्रत्येकी एकदाच. बाजारातली माणसंही साधारण अशीच असतात. डीएमच्या मनावर सोडलं की सगळे दुकानदार खाष्ट निघतात. भांडण झालं तरच प्रसंगाला रंग येतो, हा समज त्यामागे असतो. मग खेळाडू तोंड उघडायच्या आधीच तलवारीच्या मुठीला हात घालायला लागतात.

एक प्रसंग जवळून

कार्ड असं आहे. नाव गंगाक्का. हातातलं काम: तागाच्या दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून पीळ देणं. हवं काय: नाक्यावर कामाला असलेल्या पोराला जेवण पोचवायचंय. हाक: परक्याला अण्णा, बाईमाणसाला अक्का. करणार नाही: उधारी.

“पन्नास फूट दोर पाहिजे. केवढ्याला?”

“एक सोन्याचं. हात लावून बघा की, पीळ बघा आधी.”

“चांदीची आठ नाणी देतो.”

“आठात चाळीस फूट मिळंल. तोडू?” (मान वर न करता) “आणि ते मागं उभारलेले बुटके अण्णा, तुम्ही नाक्याकडंच जाणार न्हवं?”

एवढंच. यात काय काय झालं ते बघा. भाव कळला. खेळाडूने कमी सांगितलं तेव्हा तिने नकार न देता माल कमी केला. पन्नास फुटाला एक सोन्याचं नाणं, म्हणजे दहा चांदीची किंवा शंभर तांब्याची, म्हणजे फुटाला तांब्याची दोन, त्यामुळे आठ चांदीला चाळीस फूट हा तिचा हिशेब चोख आहे, आणि खेळाडूला तो कळला की बाई व्यवहारात पक्की आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी तिने बोलणाऱ्याला सोडून मागे गप्प उभ्या असलेल्या ड्वॉर्फला, म्हणजे बुटक्या जमातीच्या पात्राला, विचारलं. कॅरिझ्मा, म्हणजे पात्राची छाप पाडायची ताकद, जास्त असलेला एकच खेळाडू सगळीकडे बोलतो आणि बाकीचे मोबाइल काढतात, ही बहुतेक टेबलांवरची तक्रार असते. तिच्यावर उपाय हाच: कुणाशी बोलायचं ते एनपीसीने ठरवायचं. बूट फाटलेल्याला चांभाराने हटकावं, पुजाऱ्याला म्हातारीने नमस्कार करावा, आणि तो खेळाडू उत्तर देईपर्यंत डीएमने दुसऱ्या कुणाचं ऐकू नये.

डबा पोचवायचं कबूल केलं तर गंगाक्का पन्नास फूट आठात देईल. इथे फासा लागत नाही. तिला हवं ते मिळालं.

घासाघीस: फासा कधी, किती वेळा

तीन फेऱ्यांच्या वर जाऊ नका. विकणारा भाव सांगतो, घेणारा आपला सांगतो, विकणारा शेवटचा सांगतो. त्यानंतर घ्यायचं किंवा चालू पडायचं. त्यावरही खेळाडू अडून बसला तर पर्सुएशनचा, म्हणजे मन वळवण्याचा, एकच रोल, १५ च्या विरुद्ध: फाशावर पात्राची भर धरून १५ किंवा जास्त आले तर यश. खेळाडूने विकणाऱ्याच्या गरजेला हात घालणारं कारण दिलं असेल तर ॲडव्हांटेज द्या, म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. यश आलं तर दहावा हिस्सा सूट किंवा वर काहीतरी फुकट: हुक, पिशवी, एखादी खबर. अपयश आलं तर सांगितलेलाच भाव राहतो. तो वाढवू नका. अपयशाला दंड बसवला की पुढच्या वेळी कुणी घासाघीस करत नाही आणि सगळे परत शीटवर लिहायला लागतात.

कुणी धमकावून सूट घेतली तर लगेच पहारेकरी बोलावू नका. इंटिमिडेशन जमलं असेल तर सूट द्या. फक्त संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बाजारभर झालेली असते. खानावळीत खोली “आताच गेली”, लोहाराकडे “आज भट्टी बंद”. गाव असंच उत्तर देतं, आणि खेळाडूंना ते बारा शिपायांपेक्षा जास्त लागतं.

पैसे नुसते आकडे म्हणून ठेवले तर ही सगळी मेहनत वाया जाते. दहा तांब्याचं एक चांदीचं, दहा चांदीचं एक सोन्याचं, दहा सोन्याचं एक प्लॅटिनमचं हे सगळ्यांना पाठ असतं, पण रोजंदारी कुणी लक्षात घेत नाही. अकुशल मजुराला दिवसाला चांदीची दोन नाणी मिळतात. म्हणजे गंगाक्काचा दोर हा पाच दिवसांच्या मजुरीचा, आणि एक बकरीही तेवढ्यालाच येते. साध्या खाणावळीतली रात्र चांदीची पाच, म्हणजे अडीच दिवसांची. जखम भरणारं औषध सोन्याची पन्नास, म्हणजे मजुराचे अडीचशे दिवस. हे एकदा टेबलावर मोठ्याने सांगा. त्यानंतर एखाद्या खेळाडूने मजुराला सहज एक सोन्याचं नाणं टाकलं तर तो मजूर काय करेल, हे डीएमला शोधावं लागत नाही. तो आधी घाबरेल, मग कोणाचा खून करायचाय असं विचारेल.

प्लॅटिनमचं एक नाणं पाव विकणाऱ्यापुढे ठेवलं तर काय होतं हा प्रसंग एकदा तरी खेळाच. पाव तांब्याच्या दोन नाण्यांना, आणि समोर हजार तांब्यांचं एक नाणं. त्याच्याकडे सुटे नाहीत, शेजारच्याकडे नाहीत, सराफ वटाव कापून घेणार, आणि तोवर चार माणसं नाणं बघायला जमलेली. खोट्या नाण्याचा संशय, खिसेकापूची नजर, सराफाची ओळख हे सारं एका पावातून निघतं.

अहो-जाहो, अरे-तुरे

इंग्रजीत खेळणाऱ्या टेबलांकडे नसलेलं एक हत्यार मराठीत हाताशी आहे, आणि आपले लोक ते वापरत नाहीत याचं वाईट वाटतं. पहारेकरी चार वाक्यं “तुम्ही कुठून आला?” असं बोलतोय आणि पाचवं वाक्य “झोळी उघड” असं येतं. टेबलावरचे सगळे सावध होतात. वर्णन लागलं नाही, फासा लागला नाही. उलटंही करता येतं: खेळाडूला अरे-तुरे करणारी खानावळवाली तिसऱ्या मुक्कामाला “जेवलात का?” म्हणाली की मान वाढल्याचं त्याला कळतं, किंवा अंतर पडल्याचं. म्हणून कार्डावरची हाकेची ओळ रिकामी सोडू नका, आणि ती बदलायची वेळ विचार करून निवडा. दर वाक्याला तू-तुम्ही घसरत राहिलं तर परिणाम जातो. इंग्रजीत वाक्य जुळवून मनात भाषांतर केलं की ते हमखास घसरतं.

हे खेळाडूंनाही लागू आहे. आपलं पात्र राजाच्या कारभाऱ्याला काय म्हणतं, भीक मागणाऱ्याला काय म्हणतं, एवढं ठरवलं तरी त्याचा स्वभाव उभा राहतो.

कॉमन येते, पण बोलायचं कशात

नियमात जवळजवळ प्रत्येकाला कॉमन नावाची सामायिक भाषा येते, त्यामुळे भाषेचा प्रश्नच निकालात काढला जातो. सीमाभागात राहणाऱ्याला माहीत असतं की सगळ्यांना समजणारी भाषा असली तरी माणूस निवड करतोच. ड्वॉर्फ लोहार गिऱ्हाइकाशी कॉमनमध्ये बोलतो, मागच्या पोराशी ड्वॉर्फिशमध्ये. ड्वॉर्फ गिऱ्हाईक आलं की भाव कमी होतो का? की भाव तोच राहतो पण पाणी विचारलं जातं? टेबलावर हे दाखवायला वेगळी भाषा बोलायची गरज नाही. डीएमने फक्त त्या एका खेळाडूकडे तोंड फिरवावं, आवाज खाली आणावा, आणि वाक्य मराठीतच म्हणावं. बाकीच्यांना ऐकू येतं, पण त्यांच्या पात्रांना कळलेलं नसतं. त्यांनी ते पाळायचं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. आपल्या टेबलांवर मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली मुलं बसतात. एल्फिश म्हणजे ही भाषा आणि ऑर्किश म्हणजे ती, असं वाटप करू नका. गमतीतही नको. सीमाप्रश्नात १९५६ पासून घरंच्या घरं होरपळली आहेत, आणि चार तासांच्या खेळात कुणाच्या मातृभाषेला राक्षसाची भाषा करण्याचा हक्क डीएमला नाही.

बोलीचंही तसंच. शेतकरी, चोर आणि मूर्ख हे गावाकडच्या मराठीत बोलतात आणि जादूगार, सरदार पुस्तकी मराठीत, ही सवय नाटका-सिनेमांतून टेबलावर आली आहे. ती मोडा. राज्यातल्या सगळ्यात विद्वान जादूगाराच्या तोंडी “बसा की वो, चहा घेताय न्हवं?” घाला आणि पोटभर बोलू द्या. दोन वाक्यांत तो जिवंत होतो, आणि त्याच्या शहाणपणाला तिळमात्र धक्का लागत नाही.

नाका आणि कचेरी

नाक्यावरचा प्रसंग बहुतेक वेळा “लाच द्या किंवा लढा” एवढ्यावर येऊन थांबतो, कारण पहारेकऱ्याचं मन एकाच रोलने वळवायला बघतात. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात यासाठी चांगली शिडी दिली आहे. माणूस मित्रभावाचा, तटस्थ किंवा वैरभावाचा असतो. तटस्थ माणसाकडून रोलवर १० आल्यावर एवढंच मिळतं की त्याला धोका किंवा तोशीस नसलेलं काम तो करेल. थोडी तोशीस सोसावी असं वाटत असेल तर २० लागतात. हाच माणूस मित्रभावाचा झाला तर बिनधोक्याच्या कामाला फासा नकोच आणि थोड्या तोशिशीला १० पुरतात. वैरभावाच्या माणसाला २० आले तरी तो फुकटचं, बिनधोक्याचं तेवढंच करेल. म्हणजे आधी माणसाचा भाव बदलायचा, मग मागायचं. गंगाक्काचा डबा घेऊन गेलेली टोळी तिच्या पोरासमोर उभी राहते तेव्हा नेमकं हेच घडतं.

टोलचा दर पुस्तकात तांब्याचं एक नाणं आहे. रक्कम बारीकच ठेवा, अडचण कागदाची असू द्या. परवाना राजभाषेत हवा, टोळीत ती लिहिता कुणालाच येत नाही. नाक्याबाहेर झाडाखाली पेटी मांडीवर घेऊन अर्ज लिहून देणारा बसलेला. तो विचारतो: नाव, बापाचं नाव, गाव, कशासाठी आलात. चार खेळाडूंना चार प्रश्न. कुणी खरं सांगतं, कुणी खोटं, आणि बापाचं नाव विचारल्यावर एखादा गप्प होतो. पात्रांची माहिती काढायला याच्याहून सरळ वाट नाही, आणि ती खेळाडूंना मुलाखतीसारखी वाटत नाही. खोटं सांगणाऱ्याला डिसेप्शनचा, म्हणजे थाप पचवण्याचा, फासा आत्ता टाकायला लावू नका. कागद नाक्यावर कुणीतरी वाचेल, तेव्हा टाकू द्या.

खेळाडूंनी काय आणावं

सगळा भार डीएमवर नको. प्रत्येक खेळाडूने शीटच्या मागे तीन गोष्टी लिहाव्यात: आपलं पात्र काय खात नाही किंवा कधी उपास करतं, कुठे थांबून हात जोडतं, आणि काय दिसलं की विकत घेतल्याशिवाय पुढे जात नाही. पहिल्या गोष्टीने खानावळीतला प्रसंग आपोआप सुरू होतो, कारण वाढणारीला विचारावंच लागतं.

गावांनाही एकेक ओळख द्या. आपल्याकडे निपाणी म्हटलं की तंबाखू, संकेश्वर म्हटलं की मिरची, गोकाक म्हटलं की करदंट, बेळगाव म्हटलं की कुंदा. खेळातल्या चार गावांना असा एकेक माल दिला की निघताना कोणीतरी म्हणतंच, “येताना तेवढं आणा.” हे आणायचं काम प्राचीन तलवारीच्या शोधापेक्षा जास्त लक्षात राहतं. वाटेत ते भिजतं, फुटतं, कुणीतरी खातं.

ज्यांना आवाज काढून बोलायचा संकोच वाटतो त्यांनी “मी तिला विचारतो की पोराचं नाव काय” असं सांगितलं तरी ते पूर्ण खेळणंच आहे. डीएमने त्याला गंगाक्काच्या तोंडून थेट उत्तर द्यावं. रोलमध्ये पात्राचा कॅरिझ्मा मोजा, खेळाडूचं वक्तृत्व मोजू नका. अबोल मुलाने बार्ड (गाणारा, बोलका भाट) निवडला असेल तर त्याला तो व्हायचाच असतो म्हणून.

थांबायचं कधी

असा एक प्रसंग पाच मिनिटांचा. तीन-चार तासांच्या सेशनला दोन किंवा तीन. जे विचारायला आले त्याचं उत्तर मिळालं आणि नंतर दोन वाक्यं झाली की डीएमने आवाज बदलून सांगावं: “दोर खांद्यावर टाकून तुम्ही निघता. नाका दिसतोय.” हे जमलं नाही तर चांगला प्रसंगही कंटाळवाणा होतो, आणि पुढच्या वेळी खेळाडू स्वतःच म्हणतात, लिहून टाकतो की शीटवर.

दुसरी मोठी चूक म्हणजे प्रत्येक दुकानदाराकडे रहस्य ठेवणं. तीनदा तसं झालं की खेळाडू पाववाल्याचीही उलटतपासणी घेतात. पाचांतल्या चार कार्डांवर रहस्य नकोच.

सेशन संपल्यावर, फासे डब्यात जायच्या आधी, प्रत्येक कार्डाच्या मागे एक ओळ लिहा: टोळीने काय दिलं, काय कबूल केलं, कुणाचं नाव विचारलं. कार्डं गावाप्रमाणे रबर लावून ठेवा. टोळी परत त्या गावी आली की तिसरी ओळ खोडून नवी लिहायची. पोराला डबा पोचला होता, आता गंगाक्काला दुसरं काहीतरी हवं असणार.